चार कागद, चार तारखा – बाळाची ड्यू डेट नक्की कुठली धरायची?

सातारची_सायली:
नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबलाय पण प्लीज पूर्ण वाचा. माझं पहिलंच बाळंतपण. सात महिने पुण्यात होते, आता माहेरी साताऱ्याला आलेय, आणि आल्यापासून तारखेवरून डोक्याचा भुगा झालाय. शेवटची पाळी ५ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, त्यामुळे ती तारीख पक्की लक्षात आहे. त्यावरून माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलंय १२ जून. पुण्यात ७ नोव्हेंबरला पहिली सोनोग्राफी झाली तेव्हा पाळीच्या हिशेबाने बरोबर नऊ आठवडे व्हायला हवे होते पण मशीनने ७ आठवडे १ दिवस दाखवले आणि तारीख आली २५ जून. जानेवारीत अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना ते बघतात तो), त्यावर २१ जून. आणि परवा ८ मेला इथे ग्रोथ स्कॅन केला, बाळाची वाढ बघायचा, त्यावर चक्क ६ जुलै!! इथल्या डॉक्टरांनी कार्ड बघून १२ जून धरलाय, त्या म्हणतात १२ला कळा नाही आल्या तर आठवडाभर थांबू आणि १९ला दुखं आणायचं सलाईन लावू. सासूबाईंचं वेगळंच, येत्या १७ला अधिक महिना लागतोय तो मोजायचा नाही म्हणतात, त्यांच्या हिशेबाने वटपौर्णिमा होऊन आठवड्याने, म्हणजे जुलैच. बरं बाळाचं वजन १७२० ग्रॅम सांगितलंय, ते चांगलं की कमी हे विचारलं तर प्रत्येकजण म्हणतो तारखेवर अवलंबून आहे. मग धरायची कुठली तारीख?

मीनल_ठाणे:
अगं इतकं टेन्शन नको घेऊस, शेवटचा रिपोर्ट धर सरळ. बाळ आता मोठं झालंय, सगळे अवयव नीट मोजता येतात, सुरुवातीला तर वाटाण्याएवढं असतं त्यात काय कळणार. ६ जुलै धर आणि आराम कर. माझ्या जावेचीही तारीख अशीच दर सोनोग्राफीला बदलत होती.

सोनोवाले_डॉक्टर:
मीनलताई, माफ करा पण हे अगदी उलटं आहे आणि हा गैरसमज इतका पसरलाय की मी रोज दिवसातून दोनदा तरी कोणाला तरी समजावतो. गेली १५ वर्षं सोनोग्राफी करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच वेगाने वाढतात. आई उंच असो बुटकी असो, खाणंपिणं कसंही असो, सात आठवड्यांचं बाळ हे डोक्यापासून ढुंगणापर्यंत साधारण १० मिलिमीटरच भरतं. त्या मापाला आम्ही सीआरएल म्हणतो आणि त्यावरून काढलेली तारीख फार तर पाच-सात दिवस इकडेतिकडे होते. जसजसे महिने सरतात तसं प्रत्येक बाळ आपापल्या वाटेने जातं, कोणी आजोबांसारखं दांडगं, कोणी बारीक, कोणाला वारेतून रक्त कमी मिळतं. आठव्या महिन्यात मशीन डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतं, 'एवढ्या मापाचं बाळ सरासरी किती आठवड्यांचं असतं' ते तक्त्यात बघतं आणि त्यावरून नवी तारीख छापून मोकळं होतं. आधीच्या सोनोग्राफीत काय आलं होतं ते त्याला माहीतच नसतं. त्या वेळी चूक तीन आठवड्यांची, कधी त्याहूनही जास्त असू शकते. म्हणून पहिल्या तिमाहीत तारीख एकदा ठरली की ठरली, पुढच्या स्कॅनने बाळ कसं वाढतंय ते बघायचं, तारीख बदलायची नाही.

सायली, दोन प्रश्न. पाळी एरवी किती दिवसांनी येते? आणि त्या महिन्यात किंवा आधी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्यास का?

निर्मलाकाकू_इचलकरंजी:
सायली बाळ, सासूबाईंवर रागावू नकोस, पंचांगाने दिवस मोजायची आपली जुनी रीत आहे आणि ती खोटी नाही. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, असे नऊ महिने म्हणजे २६६ दिवस होतात, आणि गर्भ राहिल्यापासून बाळ व्हायला डॉक्टरसुद्धा २६६च धरतात. आमच्या आईला शाळेचा गंध नव्हता पण तिचा अंदाज चार-आठ दिवसांच्या वर चुकत नसे. पण अधिक महिना सोडायचा हे मात्र साफ चूक. अधिकात लग्नमुंज करत नाहीत म्हणून पोटातलं पोर वाढायचं थांबतं का? २०२३ला अधिक श्रावण होता तेव्हा आमच्या भावजयीने असाच तो महिना गाळला, सुनेला 'अजून महिना आहे' म्हणत माहेरी पाठवलं नाही आणि मधल्या रात्री रिक्षा शोधायची वेळ आली. तुझी पाळी भाद्रपद शुद्ध त्रयोदशीची, तिथून नऊ महिने मोजले तर अधिक ज्येष्ठातच भरतात, मेच्या शेवटी, वर नऊ दिवस धरले की जूनचा पहिला आठवडा. सासूबाईंचा जुलै येतो तो फक्त एक महिना गाळल्यामुळे. हे त्यांना पंचांग पुढे ठेवून शांतपणे दाखव, ऐकतील.

पेडण्याची_पूर्वा:
मला मात्र सोनोग्राफीवर एवढा विश्वास ठेवायचं पटत नाही. माझी पाळी अठ्ठावीस दिवसांची घड्याळासारखी, मी अ‍ॅपमध्ये लिहून ठेवते, तरी डॉक्टरांनी पहिल्या स्कॅनमध्ये चार दिवसांचा फरक आला म्हणून तारीख बदलली. मी सांगतेय की मला तारीख पक्की माहितीये तर त्या म्हणाल्या मशीन सांगतं ते खरं. बाईला स्वतःच्या शरीराचं काहीच कळत नाही का? फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

सोनोवाले_डॉक्टर:
पूर्वाताई, तुमच्या बाबतीत तारीख बदलायला नको होती, मी तुमच्या बाजूने आहे. नियम असा की पाळीची तारीख खात्रीची असेल तर तीच पहिली, आणि स्कॅनशी फरक ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच ती बाजूला ठेवायची. नऊ आठवड्यांच्या आत असाल तर पाच दिवसांच्या वर, नऊ ते चौदाव्या आठवड्यापर्यंत सात दिवसांच्या वर. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली हेच आकडे दिलेत आणि आपल्याकडेही बरेच जण तेच पाळतात. चार दिवसांसाठी तारीख हलवण्यात अर्थ नव्हता. सायलीचा फरक मात्र तेरा दिवसांचा आहे.

पाळीत ७ दिवस मिळवून ९ महिने पुढे जायचं हे जे गणित आहे ते जर्मनीत हायडेलबर्गला नेगेले म्हणून प्रसूतितज्ज्ञ होते त्यांच्या नावाने ओळखलं जातं, दोनशे वर्षं जुनं. त्यात गृहीत धरलंय की पाळी अठ्ठावीस दिवसांची आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं. ज्या बाईचं तसं नसतं तिला ते गणित लागूच पडत नाही.

सातारची_सायली:
डॉक्टर, पाळी माझी ३३-३५ दिवसांनी येते, कधी ३६. आणि हो, गोळ्या घेतल्या होत्या... गौरी ३१ ऑगस्टला यायच्या होत्या, घरात मी एकटीच करणारी आणि पाळी नेमकी त्यातच येणार होती, म्हणून मेडिकलमधून पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. २ तारखेला गौरी गेल्या, त्या रात्री शेवटची गोळी घेतली आणि तिसऱ्या दिवशी पाळी आली. हे मला कोणी विचारलंच नाही हो, कार्ड काढताना फक्त तारीख विचारली, मी सांगितली, त्यांनी लिहिली. आता फाईल उघडून बसलेय तर पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्या पानावर पेन्सिलीने '२५/६' लिहिलंय बारीक अक्षरात, आणि त्याच्या बरोबर वर कार्ड स्टेपल केलंय. म्हणजे इथे कोणी ते पान बघितलंच नसणार.

सोनोवाले_डॉक्टर:
तिथेच सगळं आलं. गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो, पण ती नेहमीसारखी पाळी नव्हे, त्यानंतर बीज कधी सुटेल ते सांगता येत नाही, बऱ्याचदा लांबतं. तुझी सायकल मुळातच लांब, त्यात ही भर. गणपती-गौरींच्या नंतर, नवरात्रानंतर अशा केसेस माझ्याकडे दरवर्षी येतात आणि पाळी-स्कॅनमध्ये दहा-पंधरा दिवसांचा फरक निघतो. बाई तारीख बरोबरच सांगत असते, तिच्या पोटात त्या महिन्यात काय घडलं ते त्या तारखेत नसतं. तुझी तारीख २५ जून. पेन्सिलीचं पेनाने करून घे.

आशाताई_आष्टी:
मी बीड जिल्ह्यात आशा आहे, नऊ वर्षं झाली. डॉक्टर सायेब म्हणतेत ते खरं आहे पन आमच्याकडं पैली सोनोग्राफीच व्हत नाही त्याचं काय करायचं. बाया दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जात्यात, कोयता घेऊन नवराबायकू दोघं, दिवस राहिलेले तिकडंच कळतं, आन मार्च-एप्रिलात गावाकडं आल्या की पाचवा-सातवा लागलेला असतो. शेवटची पाळी कधी म्हनलं की म्हनत्यात 'पोळा झाल्यावर', 'पंचमीला झोक्यावर बसले नव्हते ना तवा'. मग मी कॅलेंडर काढून पोळ्याची तारीख बघते, त्याच्या आदी का नंतर, किती दिवसानं, घरात कोन आजारी व्हतं का, असं इचारत इचारत चार दिवसापर्यंत आनते. नर्सबाई टेपनं पोट मोजत्यात, इतके सेंटिमीटर तितके आठवडे असा साधारन अंदाज. बाळ पयल्यांदा कवा फिरलं ते बी इचारतो. दर म्हैन्याच्या ९ तारखेला मोफत तपासनी आसती तवा घेऊन जातो. पन सातव्यात पैली सोनोग्राफी झाली आन मशीननी एक तारीख दिली तर तीच धरावी लागती, दुसरा इलाज नाही. सायली ताई तुमच्याकडं सातव्या आठवड्याची सोनोग्राफी हाय, लय मोलाचा कागद हाय तो, जपून ठेवा.

केतन_पिंपरी:
मला एक शंका आहे, कारण माझ्या बायकोच्या वेळी हाच वाद घालून घालून मी थकलो होतो. ही मशीनमधली माप-तक्ते सगळी अमेरिकेतली, १९८०च्या दशकातली, हॅडलॉक नावाच्या डॉक्टरची. तिकडच्या बायकांच्या बाळांवरून काढलेली. आपली बाळं मुळात लहान. मग ग्रोथ स्कॅनला बाळ अकरा दिवस मागे दिसलं तर त्यात नवल काय? एकतर बाळ ठणठणीत आहे आणि तक्ता चुकीचा, किंवा तारीख ६ जुलै बरोबर. दोन्हीत घाबरण्यासारखं काही नाही.

सोनोवाले_डॉक्टर:
केतन, तक्त्यांबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या टीएचएसटीआय या संस्थेने मिळून गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बायकांच्या सोनोग्राफींवरून 'गर्भिणी-जीए२' हे सूत्र तयार केलं, २०२४ला जाहीर झालं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत ते हॅडलॉकपेक्षा बरंच अचूक निघालं. पण त्याचा खरा उपयोग आशाताईंच्या बायकांना, ज्यांची पहिली सोनोग्राफी उशिरा होते. सायलीकडे सीआरएल आहे, तिची तारीख ठरलेली आहे.

आणि 'घाबरण्यासारखं काही नाही' याला माझी ठाम हरकत आहे. हे एकच बाळ बघा, १७२० ग्रॅमचं. १२ जून धरला तर ८ मेला ते ३५ आठवड्यांचं, मग इतकं कमी वजन बघून कोणीही घाबरेल आणि घाईघाईत काढायला निघेल. ६ जुलै धरला तर साडेएकतीस आठवड्यांचं, मग वजन अगदी व्यवस्थित, सगळे खूश, पुढची तपासणी महिन्याने. आणि २५ जून धरला तर ३३ आठवडे १ दिवस, वजन दहाव्या पर्सेंटाईलच्या किंचित खाली (त्या वयाच्या शंभर बाळांतल्या सगळ्यात लहान दहांत), म्हणजे घाई नको पण लक्ष हवं. तारीख पुढे ढकलली की लहान बाळ लहान दिसायचंच बंद होतं, आणि मला भीती वाटते ती याची. सायली, रिपोर्टमध्ये डोक्याचं आणि पोटाचं माप किती आठवड्यांचं लिहिलंय? आणि रक्तप्रवाहाची तपासणी म्हणजे डॉप्लर केलाय का?

सातारची_सायली:
डोकं ३२ आठवडे ३ दिवस, पोट ३० आठवडे २ दिवस. डॉप्लर केलेला नाही. शेवटी लिहिलंय 'ड्यू डेट बाय यूएसजी ६ जुलै, ग्रोथ अ‍ॅप्रोप्रिएट', म्हणजे सोनोग्राफीवरून तारीख ६ जुलै आणि वाढ योग्य.

सोनोवाले_डॉक्टर:
अ‍ॅप्रोप्रिएट कशाच्या मानाने? त्याच रिपोर्टातल्या तारखेच्या मानाने. बाळाच्या मापावरून तारीख काढायची आणि मग त्याच तारखेला बाळ बरोबर मापाचं आहे म्हणायचं, याने काहीच सिद्ध होत नाही. डोकं पुढे आणि पोट मागे असेल तर डॉप्लर करायलाच हवा. उद्याच डॉक्टरांना फोन कर. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर फोनबिन न करता थेट जा, दिवस असो रात्र असो.

अश्विनी_नागपूर:
इतका वेळ वाचत होते, लिहू की नको करत होते. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. पहिल्या स्कॅनची तारीख होती, पण आठव्या महिन्यात दवाखाना बदलला आणि नव्या ठिकाणी ग्रोथ स्कॅनची तारीख फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिली गेली, १७ दिवस पुढची. पुढचे दोन महिने सगळे म्हणत राहिले बाळ छान वाढतंय. मला पोट लहान वाटायचं, शेजारच्या काकू दोनदा म्हणाल्यासुद्धा, मी बोलले तर उत्तर मिळालं की पहिलटकरणीचं असंच असतं. बाळाच्या हालचाली कमी झाल्या म्हणून रात्री गेले आणि तासाभरात सिझर. १ किलो ९०० ग्रॅमचा मुलगा, खऱ्या तारखेने ३८ आठवडे पूर्ण. काचेच्या पेटीत नऊ दिवस. आता चार वर्षांचा आहे, दिवसभर सायकल चालवतो, सगळं ठीक आहे. पण ते नऊ दिवस मी त्या एका लिहिलेल्या तारखेवर विचार करत बसले होते. सायली, कोणाला वाईट वाटेल, डॉक्टर काय म्हणतील याचा विचार न करता विचार सगळं.

मीनल_ठाणे:
अश्विनी, वाचून पोटात कालवलं गं. सायली, मी वर जे लिहिलं ते मागे घेते. मला खरंच वाटत होतं की शेवटचा रिपोर्ट म्हणजे सगळ्यात ताजा म्हणून सगळ्यात खरा.

अनुजा_न्यूजर्सी:
आमचं आयव्हीएफ होतं त्यामुळे तारखेचा वादच नव्हता, पाच दिवसांचा गर्भ ज्या दिवशी गर्भाशयात सोडला त्यात २६१ दिवस मिळवले की झालं. पण त्यामुळे मला एक सुचतंय, सायली तुलाही असा एखादा पक्का दिवस सापडतो का बघ. टेस्ट कधी पॉझिटिव्ह आली? आणि विचारायला संकोच वाटतो, पण तू आणि नवरा त्या दिवसांत एकत्र होतात का? आमच्या एका मैत्रिणीचा नवरा बोटीवर असतो, तिची तारीख त्याच्या रजेवरूनच ठरली होती.

सातारची_सायली:
अनुजा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं!! हे हैदराबादला असतात. गणपती विसर्जन करून ७ सप्टेंबरला गेले ते दसऱ्याला आले, १ ऑक्टोबरच्या रात्री, आणि ५ला परत गेले. मग थेट दिवाळीला. आणि टेस्ट मी धनत्रयोदशीला सकाळी केली होती, १८ ऑक्टोबर, दुसरी रेघ फिकट होती पण होती, यांना बसमध्येच फोटो पाठवला होता.

सोनोवाले_डॉक्टर:
अनुजाताईंनी फार मोलाचं विचारलं. हिशेब करू, प्रत्येक तारखेतून २६६ दिवस मागे. १२ जून खरा असेल तर गर्भ १९ सप्टेंबरच्या आसपास राहिला, तेव्हा मिस्टर हैदराबादला. २१ जून असेल तर २८ सप्टेंबर, तेव्हाही ते आलेले नव्हते. ६ जुलै असेल तर १३ ऑक्टोबर, पण ते ५लाच गेले, शुक्राणू शरीरात फार तर पाच दिवस टिकतात, आणि १३ला गर्भ राहून १८ला टेस्ट पॉझिटिव्ह येणं शक्यच नाही. २५ जून असेल तर २ ऑक्टोबर. दसऱ्याचा दिवस.

निर्मलाकाकू_इचलकरंजी:
बघ, आणि पंचांगाशीही जुळतं. पाळीपासूनचे नऊ महिने नऊ दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात भरत होते, तुझे दिवस दोन आठवडे उशिरा राहिले, ते मिळवले की जूनचा तिसरा-चौथा आठवडा. सासूबाईंना सांग, दसऱ्यापासून मोजा आणि अधिक गाळू नका.

केतन_पिंपरी:
पटलं. बाळ लहान म्हणून तारीख हलवायची हे माझ्या डोक्यात इतकं बसलं होतं की त्याची दुसरी बाजू दिसलीच नाही. सायली, नोकरी करत असशील तर ऑफिसातही २५ जूनचंच पत्र दे, २६ आठवड्यांच्या रजेपैकी आठच आठवडे तारखेच्या आधी घेता येतात, कार्डावर एक आणि पत्रावर दुसरी तारीख असली की एचआर फेऱ्या मारायला लावतात.

सातारची_सायली:
अपडेट देतेय, उशीर झाला त्याबद्दल सॉरी. दुसऱ्याच दिवशी फाईल घेऊन गेले, आईला बरोबर नेलं. गौरीच्या गोळ्या, सायकल, यांच्या येण्याजाण्याच्या तारखा सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं कारण समोर गेलं की मला काही सुचत नाही. डॉक्टरांनी ते शांतपणे वाचलं, पहिल्या स्कॅनचा रिपोर्ट बाहेर काढला, म्हणाल्या हा कार्डाखाली होता, माझ्याकडून बघायचा राहिला. मग कार्डावरचा १२ जून खोडून लाल पेनाने २५ जून लिहिलं आणि खाली सही केली. १९ तारखेचं सलाईन रद्द, त्या दिवशी माझे ३९ आठवडे १ दिवस होतील.

डॉप्लर त्याच दुपारी झाला, नाळेतला रक्तप्रवाह नॉर्मल आहे. बाळ लहान आहे हे त्यांनी मान्य केलं, आता आठवड्याला डॉप्लर आणि दोन आठवड्यांनी वाढ बघायची. काल २२ मेला ग्रोथ झाली, वजन २१०० ग्रॅम, पोटाचं मापही वाढलंय. डॉक्टर म्हणाल्या अशीच वाढ राहिली तर ३८-३९ आठवड्यांपर्यंत नेऊ आणि मग ठरवू, वाट बघत ४१ आठवडे करणार नाही.

सासूबाई काल आल्या होत्या. काकू, तुम्ही सांगितलं तसं पंचांग पुढे ठेवलं, त्यांनी चष्मा लावून दसऱ्यापासून बोटांच्या पेरांवर मोजलं, एकदा अधिक धरून आणि एकदा सोडून. मग काही न बोलता पिशवीतून दुपटी काढली आणि म्हणाल्या, जुलैसाठी म्हणून दोनच शिवली होती, आता उरलेली पंधरवड्यात पुरी करायला हवीत.

पुढचा डॉप्लर शुक्रवारी आहे. रिपोर्ट आला की इथेच टाकते.